२४ बाय २४ इंची कापडी ग्रो बॅग: अकरा महिन्यांचा अनुभव, आणि त्या दोऱ्याबद्दल

गेल्या रविवारी लिंबाच्या बॅगेचे दोन्ही बंद (उचलायची हँडलं) उसवले आणि बॅग झाडासकट कुशीवर पडली. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून सोसायटीने कुंड्या हलवायला सांगितल्या होत्या. मी, नवरा आणि वॉचमनकाका असे तिघं मिळून ओढत होतो. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे, "मॅडम, हँडल रिकामी बॅग उचलायला असतं." हे विकताना का नाही सांगितलं? चार बॅगांचे एकवीसशे रुपये मोजलेत मी, राग येणारच.

उसवलेली जागा नीट पाहिली. जिओफॅब्रिकचं कापड अजून ठणठणीत आहे, ताणून पाहिलं तरी विरलेलं नाही. गेलाय तो शिवणीचा दोरा. उन्हाने पार खडूसारखा झालाय, नखाने खरवडला की भुगा होतो. उन्हात टिकणाऱ्या कापडाला उन्हात कुजणारा दोरा लावायचा, हा कंजूषपणा मला पटतच नाही. तुमच्याकडे अशा बॅगा असतील तर आज संध्याकाळी बंदांची शिवण नखाने खरवडून बघा.

ही बॅग काठोकाठ भरली तर साधारण १७८ लिटर माती मावते. मी तळाला नारळाच्या शेंड्या आणि पालापाचोळा घालून माती निम्मीच ठेवली होती. तरी ओली झाल्यावर वजन शंभर किलोच्या पुढे जातंच. म्हणून बॅग भरायच्या आधीच जागा ठरवा, शक्यतो बीमवर.

इतके दिवस मी भेटेल त्याला सांगत होते, मोठी बॅग घ्या आणि बिनधास्त फळझाड लावा. ते मत आता बदललंय. लिंबू (साई सरबती) वाढलं छान, त्यात वाद नाही. पडलेली बॅग कापली तेव्हा मुळं बघून जीव सुखावला. प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं भिंतीला लागून गोल गोल फिरतात, तसं वेटोळं कुठेच नव्हतं. कापडाशी आलेलं टोक हवेने सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. सगळीकडे बारीक पांढरी जाळी झाली होती. पण तळाचा पाला कुजला तशी माती सहा महिन्यांत अर्धा फूट खाली बसली आणि लिंबाचं खोडही तिच्याबरोबर खाली गेलं. वरून भर घालावी तर खोड मातीत गाडलं जातं, आणि लिंबाला ते सोसत नाही. झाडच लावायचं असेल तर तळाला पाला नको, पूर्ण माती घाला आणि ती बॅग कायमची तिथेच राहणार हे धरून चला.

हळदीचं सगळंच उलट. जूनच्या पहिल्या पावसात दोन बॅगांत पाच-पाच जेठे गड्डे (बियाण्याचे मुख्य कंद) लावले. माती बसत गेली तशी मी भर घालत गेले, आणि हळदीला भर लागतेच. जुलैच्या झडीत आमच्या निळ्या पिंपातली हळद कंदकुजीने गेली, पिंपाला खाली भोकं होती तरीही. बॅगेतून पाणी चारी बाजूंनी निथळत होतं, एकही गड्डा सडला नाही. श्रावणात पातोळ्यांना घरची पानं मिळाली तेव्हा सासूबाईंनी ती हुंगून बाजूला ठेवली, बाजारची आणू नकोस म्हणाल्या. फेब्रुवारीअखेर पानं वाळली. ताडपत्री अंथरून एक बॅग उलटी केली तर ओली हळद निघाली ४ किलो ७०० ग्रॅम. शिजवून वाळवल्यावर साधारण पाचवा हिस्सा उरतो, हे धरूनही आमच्या घराला ती पुरते.

आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी त्या दोन्ही बॅगा रिकाम्या, घडी घालून कपाटावर होत्या.

म्हणून आता माझा सरळ हिशोब आहे. एवढ्या मोठ्या बॅगेत असं काही लावा की काढणीला बॅग आपोआप रिकामी होईल: हळद, सुरण, अळकुड्या, रताळी. चौथ्या बॅगेत वांगी-टोमॅटो लावून माती फुकट घालवली, त्यांना १५ इंची पुरते. मेथी-कोथिंबिरीला तर वीतभर खोल क्रेट बस झाला.

उन्हाळ्यात पाण्याचं जपावं लागतं. एप्रिलमध्ये कडेची माती आकसते, कापड आणि माती यांच्यात फट पडते आणि घातलेलं पाणी तिथूनच खाली पळतं. वर पाल्याचं आच्छादन करून थोडं थोडं, दोनदा घाला. बोअरचं पाणी असेल तर बाहेरून क्षारांचे पांढरे डाग पडतात. ते मी ओल्या ब्रशने घासून काढते.

लिंबू आता जुन्या सिमेंटच्या टाकीत हलवलंय, नवी पालवी धरते का ते रोज बघते. उरलेल्या तीन बॅगांचे बंद चप्पल शिवणाऱ्या काकांकडून नायलॉनच्या जाड दोऱ्याने पुन्हा शिवून घेतले, नव्वद रुपयांत. दोन बॅगांत हळदच, तिसरीत यंदा सुरण. गड्डे वाळूत ठेवलेत, डोळे फुटायला लागलेत.