‘सगळ्या बासला बसतो’ म्हणणाऱ्याकडून ड्रॉप ट्यूनर घेऊ नका

मी मालवणचा. ऑर्केस्ट्रात पाच तारांचा बास गिटार वाजवतो. चतुर्थी, जत्रा आणि लग्नं हा आमचा सीझन. आमच्या गायकाची बरीच गाणी पांढरी सहामध्ये, म्हणजे ए मध्ये असतात. माझी सगळ्यात जाड तार बी, साधारण 31 हर्ट्झची. ती दोन पडदे खाली ए वर आणली की 27.5 हर्ट्झ मिळतात, पियानोच्या अगदी डावीकडच्या पट्टीचा सूर. मंडपात तो कानाआधी छातीला लागतो. पण दोन गाण्यांच्या मध्ये खुंटी पिळत बसायला वेळ कुठे? त्यासाठीच ड्रॉप ट्यूनर असतो. नेहमीच्या खुंटीच्या जागी लिव्हरवाली खुंटी. लिव्हर पाडला की तार ठरलेल्या सुरावर उतरते, उचलला की परत जागेवर येते. किती उतरायचं ते एका छोट्या स्क्रूने ठरवायचं.

वाद्यांच्या खरेदीविक्रीच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं होतं, ‘हिपशॉटचा ओरिजिनल, न वापरलेला, पितळी गिअर, 5,500 रुपये’. हिपशॉट ही ड्रॉप ट्यूनर बनवणारी कंपनी. खोक्याचे फोटो, लिव्हर हलवतानाचा व्हिडिओ, सगळं होतं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला, मी पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली.

त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. खुंट्या हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, कुठल्या बाजूला, भोक किती मिलिमीटरचं, काहीच नाही. ‘सगळ्या बासला बसतो,’ एवढंच. खरी कंपनी वेगवेगळ्या हेडस्टॉकसाठी वेगवेगळी मॉडेलं काढते, जाड तारांच्या बाजूचं वेगळं, बारीक तारांच्या बाजूचं वेगळं. हे मला नंतर कळलं. ज्याला वस्तू माहीत आहे तो आधी हेच विचारेल.

पार्सल आलं, खुंटी भोकात जाईना. फोन केला तर म्हणाला, भोक थोडं मोठं करून घ्या, सगळे तसंच करतात. मी सुताराकडे गेलो. बास मीच धरून उभा होतो. पहिल्या कमाईतून घेतलेला बास, त्याच्या लाकडाला मी ड्रिल लावू दिलं, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

कुडाळच्या कार्यक्रमात लिव्हर पाडला, ए ठीक लागला. उचलला, तर बी खाली राहिला, आणि दर वेळी वेगळ्या जागी. अख्खं कडवं बेसूर गेलं, गायकाने दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मित्राने गिअरला लोहचुंबक लावला, तो चिकटला. ‘ह्या पितळ न्हय रे, वरसून नुसतो मुलामो,’ तो म्हणाला. दात आताच झिजले होते. विक्रेता आधी फिटिंगची चूक म्हणाला, मग त्याने मला ब्लॉक केलं.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, पाचव्या दिवशी फोन केला. तुम्ही त्याच तासाला करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. cybercrime.gov.in वर तक्रार टाकताना यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, चॅट पुसू नका.

घेताना थेट व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायला सांगा. आपल्या भोकाचं माप व्हर्नियरने घ्या आणि विक्रेत्याकडून खुंटीचं माप मागा. हातात आल्यावर खुंटी फिरवून बघा, दांडा हलण्याआधी चावी मोकळी फिरत असेल तर परत पाठवा. लाकडाला तोपर्यंत हात लावू नका.

मात्र अस्सल वस्तूवरही उगाच संशय नको. बी उतरवली की मानेवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या तारा किंचित चढतात, हा दोष नव्हे. 130 ची, म्हणजे 0.130 इंच जाडीची तार ए वर सैल पडते, 135 ची लावली तर फरक जाणवतो.

सुताराने भोकात लाकडाची गुल्ली चिकटवून जुनी खुंटी परत बसवली आहे. सूर टिकतो. पांढरी सहाची गाणी मी सध्या वरच्या ए तारेवरच वाजवतो.