दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर जुन्या बुलेटला पुरतो का?

डीटी-८३०डी हा पिवळा डिजिटल मीटर डझनभर कंपन्या आपापल्या नावाने विकतात. सीबी पॉइंटवाल्या (म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट ब्रेकर असलेल्या), १२ व्होल्टच्या जुन्या बुलेटसाठी तो पुरतो, फक्त वायर सलग आहे का ते वाजून सांगणाऱ्या त्याच्या बझरवर विसंबू नका.

थोडाफार रेझिस्टन्स असला तरी बझर वाजतोच. आतून हिरवी पडलेली, एका तारेवर तगलेली वायरही त्याच्या लेखी ठणठणीत. तिच्यातून इग्निशन कॉइलचे (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) तीन-चार अँपिअर जायची वेळ आली की गाडी मिस मारते. त्यामुळे करंट चालू असतानाच व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजायचा. चावी ऑन करून किक हळू दाबा; अँमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकला की पॉइंट मिटले, तिथेच थांबा. नॉब २० व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या प्लसला, काळा कॉइलच्या सप्लाय टर्मिनलला. ०.२-०.३ दिसलं तर ठीक. एकाच्या पुढे गेलं तर काळा प्रोब एकेक जोड मागे बॅटरीकडे आणा. आकडा जिथे एकदम पडेल, दोष त्याच जोडात. बहुतेकदा इग्निशन स्विचच निघतो. मग लाल पॉइंटच्या टर्मिनलवर, काळा इंजिनच्या बॉडीवर: ०.२ च्या वर गेलं तर पॉइंटवर तेल किंवा काजळी आहे. शेवटी इंजिन बॉडी ते बॅटरी मायनस असाच ड्रॉप मोजा. रंगकाम झालेल्या गाडीत अर्थचा बोल्ट हमखास रंगावरच कसलेला असतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरका, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

कॉइल तपासताना नॉब २०० ओहमवर ठेवा, पण आधी प्रोब एकमेकांना टेकवा. या मीटरच्या वायरी इतक्या बारीक की नुसत्या त्याच अर्धा-एक ओहम दाखवतात. तेवढा वजा करून प्रायमरी (कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांमधली वाइंडिंग) तीन-चार ओहम भरायला हवी. दीड-दोन भरली तर कुणीतरी ६ व्होल्टची कॉइल बसवलीय, आणि पॉइंट वारंवार का जळतात तेही कळलं.

कंडेन्सरपुढे (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कपॅसिटर) मात्र मीटर हात टेकतो. त्यात कपॅसिटन्सची रेंजच नाही, आणि थंड असताना बरा दिसणारा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. थंड गाडी पहिल्या किकेत सुरू, गरम झाली की बंद, पॉइंटमध्ये जाडजूड निळी ठिणगी: एवढं दिसलं की मोजत बसू नका, नवा टाका.

चार्जिंगला मीटर चांगला. गाडी बंद असताना १२.६, रेस दिल्यावर १३.८ ते १४.५, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) गेला. आकडे नाचायला लागले तर ती इग्निशनची ढवळाढवळ; वायरी प्लगपासून लांब धरा, रेझिस्टरवाली प्लग कॅप लावा. मीटरचा ९ व्होल्टचा सेल उतरला की आकडे फुगतात आणि चांगला रेग्युलेटर बदलला जातो. सेलचं चिन्ह दिसताच तो बदला. १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतो. प्रोब त्यात असताना बॅटरीला टेकवलात तर वायरी वितळतील.

ठिणगीचं टायमिंगही यावर लावता येतं: पॉइंटची गॅप ०.३५-०.४० मिमी, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) ०.८ मिमी अलीकडे, पॉइंट उघडताच शून्याचे बारा व्होल्ट. पण आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, नेमका क्षण हुकतो. त्याला इंडिकेटरचा बल्ब बरा.