गाऊट: दुखलं की गोळी, की रोजची गोळी? हाडांच्या बाजूने बघू

गाऊट, म्हणजे रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार, असला की बहुतेकांचं ठरलेलं असतं, पायाचा अंगठा सुजला की चार-पाच दिवस गोळ्या घ्यायच्या आणि दुखणं गेलं की विसरून जायचं. डॉक्टर रोजची गोळी म्हणाले की "आता आयुष्यभर कोण घेत बसणार" म्हणून टाळाटाळ. हा निर्णय आपण दुखण्यावरून घेतो, पण त्यात हाडांचाही हिशोब आहे आणि तो कुणी मांडतच नाही.

आधी फक्त अटॅकपुरती गोळी घ्यायचा रस्ता. पहिलाच अटॅक असेल, युरिक अ‍ॅसिडच्या गाठी नाहीत, किडनी ठीक आहे, मुतखडा नाही, युरिक अ‍ॅसिड ९ mg/dL च्या पुढे नाही, तर थांबून बघणं चालतं, त्यात काही चूक नाही. पण अटॅक परत परत येत असतील तर गोष्ट वेगळी, कारण रक्तात युरिक अ‍ॅसिड साधारण ६.८ च्या वर राहिलं की सांध्यात त्याचे बारीक स्फटिक जमतात, आणि दुखणं गेलं तरी ते तिथेच असतात. आपल्या हाडात जुनं काढणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी कायम काम करत असतात, स्फटिकांची गाठ हाडाला टेकली की तिथे काढणाऱ्या वाढतात आणि भरणाऱ्या मरतात, त्यामुळे हाड कुरतडल्यासारखं होतं. एक्स-रेमध्ये कडेला खड्डे दिसतात, आणि वाईट म्हणजे हे होताना दुखेलच असं नाही.

वरून स्टेरॉइड. किडनी कमजोर असेल तर सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या पेनकिलर सहसा देता येत नाहीत, मग स्टेरॉइडचा छोटा कोर्स बरोबरच असतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण वर्षात असे चार-पाच कोर्स झाले, किंवा दुखतंय म्हणून स्वतःच दुकानातून घेत राहिलं, तर सगळ्या अंगातलीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, म्हणजे सांध्याजवळ स्फटिक खातायत आणि मणक्यात, खुब्यात स्टेरॉइड. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, फक्त हे दुसरं नुकसान कळतं बरं का, अंगठ्यातला खड्डा त्यात दिसत नाही. "डेक्सा नॉर्मल आला" म्हणून निश्चिंत होऊ नका.

आता रोजची गोळी. अ‍ॅलोप्युरिनॉल ही युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी साधारण १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, टार्गेट युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली, गाठी असतील तर ५ च्या खाली. स्फटिक विरघळायला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. हाडाची झीज मंदावते, पण झालेला खड्डा पूर्ण भरेलच असं नाही, म्हणून उशीर महागात पडतो. त्रासही सांगतो, सुरुवातीच्या महिन्यांत अटॅक उलट वाढू शकतात, त्यासाठी ३ ते ६ महिने कमी डोसमध्ये कोल्चिसिन हे अटॅक रोखणारं औषध जोडीला देतात, आणि बरेच जण नेमके इथेच "गोळीने वाढलं" म्हणून सोडून देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र अ‍ॅलोप्युरिनॉल लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय आहे, पण हार्टचा आजार असेल तर आधी बोलून घ्या.

"युरिक अ‍ॅसिड जास्त असलं की हाडं मजबूत राहतात, मग कमी कशाला करायचं?" असंही काही जण विचारतात. काही अभ्यासांत जास्त युरिक अ‍ॅसिडवाल्यांची हाडं दाट दिसली हे खरं, पण जनुकांवरून तपासलं तेव्हा युरिक अ‍ॅसिडमुळेच तसं होतं असं काही निघालं नाही. त्यावर विसंबून गोळी टाळू नका.

माझं मत सरळ आहे, वर्षात दोन किंवा जास्त अटॅक, गाठ, किंवा एक्स-रेत खड्डा, यातलं एकही असेल तर रोजची गोळी. मधल्या केसमध्ये, म्हणजे अटॅक एकापेक्षा जास्त झालेत पण क्वचितच येतात, तिथे आधी मागच्या वर्षात स्टेरॉइडचे किती कोर्स झाले ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच डॉक्टरकडे जा.