‘जुन्या काचेची जादू’ म्हणून मला विकलेला धुरकटपणा

त्या लेन्सने काढलेला पहिला फोटो मी अजून जपून ठेवलाय. खिडकीशी बसलेली माझी बहीण, मागे पांढरा पडदा आणि तिच्या केसांभोवती दुधात भिजल्यासारखा उजेड. त्या उजेडाच्या मी प्रेमातच पडले. तो उजेड म्हणजे आतल्या काचेवर साचलेला तेलकट थर आहे हे कळायला मला सात आठवडे लागले. तोवर लेन्स परत करायची मुदत कधीच उलटून गेली होती.

फुलफ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर जुन्या मॅन्युअल लेन्स लावायचा नाद ज्यांना आहे किंवा लागू पाहतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी अगदी नवखी नव्हते. तीन-चार जुन्या लेन्स वापरून झाल्या होत्या, तरी मी फसले.

मी घेतली ती लेन्स ‘कार्ल झाइस येना झोनार, ५ सेंटीमीटर, एफ/१.५, लायकाचा स्क्रू माउंट, युद्धकाळातली’ अशी विकायला ठेवलेली होती. झोनार ही झाइस या जर्मन कंपनीची नावाजलेली लेन्स आणि स्क्रू माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवायचा आटा. नावाचं कडं, क्रमांक, लाल रंगात कोरलेला ‘टी’, सगळं जागच्या जागी. विक्रेत्याचे अभिप्राय चांगले होते आणि वर्णन तर इतकं सुरेख की मी ते दोनदा वाचलं. लुडविग बेर्टेले यांनी झाइस कंपनीत ही रचना कशी केली, १९३२ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी ती कशी आली, सात काचा फक्त तीन गटांत चिकटवल्यामुळे हवेला लागणारे पृष्ठभाग कसे कमी झाले आणि परावर्तन रोखणारं कोटिंग नसतानाही चित्र कसं खणखणीत येई, झाइसच्याच स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगचा शोध लावल्यावर तो लाल ‘टी’ कसा आला. हा सगळा इतिहास खरा आहे. मी पुस्तकं काढून पडताळला होता. इतिहास पडताळला आणि त्यालाच वस्तू पडताळल्याचं समाधान मानलं, ही माझी पहिली चूक.

लायका स्क्रू माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर) २८.८ मिलिमीटर, माझ्या सोनीच्या ई-माउंटचं १८ मिलिमीटर. मधल्या १०.८ मिलिमीटरमध्ये अडॅप्टर आरामात बसतो. आरसा गेल्यामुळे ही जागा मिळाली आणि २०१३ मध्ये सोनीचा अल्फा ७ आल्यापासून या लेन्सना पूर्ण ३५ मिलिमीटर फ्रेमवर पुन्हा आयुष्य मिळालं. मागणी वाढली तशी नकली मालाचीही सोय झाली. या सोयीत आपल्या कॅमेऱ्याचाच हात कसा आहे, ते पुढे येईलच.

पहिले तीन आठवडे मी ती लेन्स एफ/१.५ सोडून कुठेच वापरली नाही, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र कायम पूर्ण उघडं. एफपुढचा आकडा जितका लहान तितकं हे छिद्र मोठं. एवढ्या मोठ्या छिद्राची लेन्स घेतल्यावर छिद्र लहान कशाला करायचं, असं वाटायचं. प्रत्येक फोटोला तो दुधाळ उजेड होता. दोन गोष्टी मात्र खटकत होत्या. फोकस कुठे बसलाय ते पडद्यावर दाखवणाऱ्या फोकस पीकिंगच्या रंगीत कडा नीट उमटतच नव्हत्या, फिकट लुकलुकायच्या. आणि दिवा चौकटीच्या बाहेर असला तरी चित्राची काळी बाजू राखाडी व्हायची.

मी विक्रेत्याला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं आणि अतिशय आपुलकीचं होतं. “झोनार पूर्ण उघडी असताना असाच तेजोवलय देते, लोक त्यासाठीच ती घेतात. तुमची नजर अजून आधुनिक लेन्सला सरावलेली आहे. काही आठवडे वापरा, मग ती तुम्हाला उलगडेल.” मला ते पटलं. मी आभारही मानले.

दुसऱ्यांदा लिहिलं ते फोकसबद्दल. छिद्र लहान केलं की डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर जात होता. उत्तर आलं: “झोनारमध्ये फोकस सरकतो. ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर फोकस करा.” हेही खरंच आहे. या रचनेत गोलीय विपथन (काचेच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच बिंदूत न जुळणं) मुद्दाम थोडं शिल्लक ठेवलेलं असतं, त्यामुळे छिद्र बदललं की फोकसचं प्रतल मागे सरकतं.

तिसऱ्यांदा मी उजव्या कडेचा फोटो पाठवला. तिथली पानं पुसल्यासारखी दिसत होती. उत्तर: “डिजिटल सेन्सरवर जाड काच असते. फिल्मसाठी बनलेल्या लेन्सचे किरण कडेला तिरपे येतात आणि त्या काचेत पसरतात. दोष लेन्सचा नाही, कॅमेऱ्याचा आहे.” याचाही अर्धा भाग खरा. रेंजफाइंडरसाठी (ज्या कॅमेऱ्यात लेन्समधून न बघता वेगळ्या अंतरमापकाने फोकस ठरवतात) बनलेल्या वाइड लेन्सना ही काच फार जाचते, ५० मिलिमीटरच्या लेन्सला त्या मानाने पुष्कळच कमी. पण सेन्सरवरची काच दोन्ही बाजूंना सारखीच जाड असते. ती फक्त उजवीकडे चित्र कसं बिघडवेल? हा प्रश्न मला सुचला खरा, पण त्या उत्तरानंतर दहा दिवसांनी. आणि त्या दहा दिवसांतच परतीची मुदत संपली.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. तो माणूस धडधडीत खोटं बोलला असता तर मी तेव्हाच सावध झाले असते. त्याने प्रत्येक वेळी एक खरी गोष्ट सांगितली आणि तिच्याआड खराब लेन्स लपवली. आपल्या छंदाची भाषाच अशी आहे की ते सहज जमतं. वलय, स्वप्नाळूपणा, जुनी काच, लेन्सचा स्वभाव, हे सगळे शब्द आपणच प्रेमाने वापरतो. त्यांच्याखाली धुरकट काचही खपते. आणि “काही आठवडे वापरून बघा” हा सल्ला कितीही मनापासूनचा वाटला तरी तो देणाऱ्याला मुदतीची तारीख ठाऊक असते.

गोलीय विपथनाचं वलय आणि धुरकट काचेचं वलय यांतला फरक ओळखायला दोन मिनिटं लागतात. कॅमेरा तिपाईवर ठेवा, गडद पार्श्वभूमीवर काहीतरी उजळ ठेवा, एक दिवा चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. एक फोटो पूर्ण उघड्या छिद्रावर काढा, दुसरा एफ/४ वर, तिसरा एफ/८ वर. विपथनाचं वलय काचेच्या कडेकडून येणाऱ्या किरणांमुळे असतं. छिद्र लहान केलं की ते किरण अडतात आणि एफ/४ पर्यंत वलय जवळजवळ नाहीसं होतं. धुरकटपणा काचेच्या मध्यावरही असतो, म्हणून छिद्र कितीही लहान केलं तरी चित्रावरचा तो राखाडी पडदा हटत नाही. माझा तिन्ही ठिकाणी तसाच होता. ही चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर लेन्स दुसऱ्या दिवशी परत गेली असती.

त्यानंतर मी टॉर्च घेतला. लेन्स कॅमेऱ्यावरून काढली, छिद्र पूर्ण उघडलं, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने तिरका उजेड टाकला आणि पुढून पाहिलं. आरशावर श्वास सोडल्यावर जशी वाफ धरते तसा थर आतल्या काचेवर होता. मागच्या गटाच्या कडेला इंद्रधनुषी रंगाची एक कोर दिसत होती. चिकटवलेल्या काचा एकमेकींपासून सुटू लागल्या की अशी कोर दिसते. विक्रेत्याच्या आठही फोटोंमध्ये उजेड समोरून होता आणि समोरून घेतलेल्या प्रत्येक फोटोत छिद्र मिटलेलं होतं. मिटलेल्या पात्यांच्या मागचं काहीच दिसत नाही. ते फोटो मी कितीदा तरी न्याहाळले होते, पण छिद्र मिटलेलं का आहे हे एकदाही मनात आलं नाही.

मग लेन्स उघडायला दिली. जुन्या लेन्स दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे. त्यांनी पुढचं कडं फिरवून काढलं, भिंगाखाली तिरकं धरलं आणि मला म्हणाले, “इथे बघा.” कोरीव अक्षरांच्या कडा अगदी कोऱ्या होत्या आणि त्यांतला पांढरा रंग ताजा होता. शेजारी धातू घासून पातळ केलेला होता आणि तिथे एक अस्पष्ट खूण राहिली होती: उभी दांडी आणि तिला जोडलेलं वर्तुळ. सिरिलिक लिपीतलं ‘यु’. युपितेर या नावातलं पहिलं अक्षर.

माझी झोनार म्हणजे सोव्हिएत ज्युपिटर-३ होती. दुसऱ्या महायुद्धानंतर येनाहून यंत्रं, काच आणि आराखडे सोव्हिएत संघात नेले गेले. त्यातून आधी क्रास्नोगोर्स्कमध्ये आणि पुढे झागोर्स्क आणि वाल्दाई इथल्या कारखान्यांत याच रचनेच्या लेन्स बनल्या. म्हणजे सात काचा, तीन गट, झोनारचं ते सरकणारं फोकस, सगळं तिच्यात असतंच. म्हणून विक्रेत्याचा इतिहास लेन्सशी जुळत होता. खऱ्या झोनार लायकाच्या स्क्रू माउंटमध्ये फार थोड्या निघाल्या, ज्युपिटर मात्र भरपूर निघाल्या. कडं बदललं की किंमत कितीतरी पट होते. आतल्या भागांवर कोरलेले आकडे आपसांत जुळत होते, फक्त समोरच्या कड्यावरच्या क्रमांकाशी नाही.

इथेच आपल्या कॅमेऱ्याचा तो हात. सोव्हिएत लेन्स काँटॅक्सच्या ५२.४ मिलिमीटर केंद्रांतराच्या मापाने बनायच्या, लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटर गृहीत धरतो. खऱ्या लायकावर ज्युपिटर लावून पूर्ण उघड्या छिद्रावर जवळचा फोटो काढला तर फोकस चुकतो आणि जाणकाराला तिथेच शंका येते. मिररलेसवर आपण थेट सेन्सरवरचं चित्र मोठं करून फोकस करतो. रेंजफाइंडरशी संबंधच नाही, त्यामुळे ही चूक कधी समोर येतच नाही. ज्या सोयीसाठी आपण हे कॅमेरे घेतो तिनेच नकली लेन्सची एक खूण पुसून टाकलीय.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. ज्युपिटर-३ वाईट लेन्स नाही. स्वच्छ प्रत मिळाली तर फार देखणी चित्रं देते आणि तिच्या खऱ्या नावाने, खऱ्या किमतीला मी ती आनंदाने घेतली असती. तसंच प्रत्येक जुना दोष म्हणजे फसवणूक नव्हे. काचेतले बारीक बुडबुडे निरुपद्रवी असतात, थोडी धूळही. सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ या जुन्या लेन्सच्या थोरियम असलेल्या काचा वयानुसार पिवळ्या पडतात आणि अतिनील प्रकाशात ठेवल्या की बऱ्याच निवळतात. विक्रेत्याने हे आधी सांगितलं तर तो प्रामाणिक व्यवहार आहे. माझ्या बाबतीत नावही लपवलं होतं आणि धुरकट काचही.

आता जुनी लेन्स घेताना मी फोटोंवर भागवत नाही, चलचित्र मागते. छिद्र पूर्ण उघडं, मागून टॉर्च, लेन्स हळूहळू फिरवत, मग पाती एकदा मिटून एकदा उघडून. पात्यांवर तेल आलं असेल तर तेही तेव्हाच दिसतं. नावाच्या कड्याचा तिरक्या उजेडातला जवळून फोटो मागते. एफ/८ वर काढलेला नमुना मागते, कारण पूर्ण उघड्या छिद्रावरचा फोटो सगळेच हौसेने दाखवतात. एवढ्या मागण्या केल्या की काही विक्रेते गप्प होतात आणि मी तो व्यवहार तिथेच सोडते. पैसे संकेतस्थळाच्या खात्यातूनच जाऊ देते, बाहेरून द्या म्हटलं तर नाही. लेन्स आली की तिपाईवरची ती चाचणी त्याच दिवशी करते आणि तक्रार असेल तर विक्रेत्याशी लांबलचक गप्पा मारण्याआधी ती संकेतस्थळावर नोंदवते. बोलणं नंतरही होतं.

कड्याचे, आतल्या आकड्यांचे आणि तीन छिद्रांवरच्या चाचणीचे फोटो जोडून मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. मुदत संपल्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. विक्रेत्याने त्यानंतर एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. महिन्याभराने त्याच खात्यावर पुन्हा एक ‘युद्धकाळातली झोनार’ दिसली. वर्णन शब्दन्‌शब्द तेच, क्रमांक वेगळा, छिद्र मिटलेलं. मी तीही कळवली आणि दोन दिवसांनी ती तिथून काढलेली दिसली.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी तेलकट थर बराचसा पुसून दिला. सुटलेल्या काचा पुन्हा चिकटवायचा खर्च लेन्सपेक्षा जास्त, म्हणून त्या तशाच राहिल्या. निघताना मी त्यांना एक विनंती केली. त्यांनी खोटं कडं उलटं धरून त्याच्या आतल्या बाजूला बारीक सुईने ‘ज्युपिटर-३’ असं कोरलं आणि मगच ते परत बसवलं. माझ्यानंतर ही लेन्स ज्याच्या हातात जाईल, त्याने ती उघडली तर त्याला ते दिसेल. टोपणावर मी तेच नाव पांढऱ्या शाईने लिहून ठेवलंय.