कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस : मोजणीच्या कामात आठ महिने

सातारा-कोरेगाव पट्ट्यातल्या प्लॉट मोजणीत हा कॅल्क्युलेटर आठ महिने रोज वापरल्यावर लिहितो आहे. ऑफिसात सॉफ्टवेअर असतंच, पण बांधावर उभं राहून टोटल स्टेशनचं (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन ताडून बघायला हाच लागतो.

याची खरी किंमत °′″ या कळीत आहे. १७ °′″ ४० °′″ ५० °′″ आणि = दाबा, मग पुन्हा °′″ : १७.६८०५५५५६. परत दाबलं की अंश-मिनिट-सेकंद. अंश शून्य असले तरी ० टाकावाच लागतो. नाहीतर ३० मिनिटांचे ३० अंश होतात.

सगळ्यात मोठा घोळ मात्र कागदावरच होतो. डेटा फाइलीत १७.४०५० दिसतं, ते असतं १७°४०′५०″, आणि कुणीतरी त्याला दशांश अंश धरून पुढे जातो. दशांश १७.४०५० म्हणजे १७°२४′१८″. फरक १६′३२″. आपल्याकडे अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३०.७ मीटर, म्हणजे साताऱ्यातला बिंदू साडेतीस किलोमीटर दक्षिणेला, थेट उंब्रजच्या अक्षांशावर! अख्खा रकाना डोळ्यांखालून घाला: दशांशचिन्हानंतरची पहिली जोडी आणि दुसरी जोडी कुठेच ५९ च्या वर जात नसेल, तर ते बहुधा दशांश अंश नव्हेत, पण खात्री करून घ्या.

टोटल स्टेशन गॉनवर (कोनाचं दुसरं एकक) राहिलं असेल तर पूर्ण फेरा ४०० चा असतो, काटकोन १०० चा. गॉन गुणिले ०.९ की अंश. ८३.६२५० गॉन = ७५.२६२५° = ७५°१५′४५″. कॅल्क्युलेटरवर डिग्री मोडमध्ये ८३.६२५, शिफ्ट-आन्स, ३, = एवढंच. मिल या आणखी एका कोन-एककाचं रूपांतर मात्र यात नाही. ६४०० चा फेरा असेल तर ०.०५६२५ ने हातानेच गुणा.

रोज सकाळी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर डिग्री, ०.४५३९९ आलं तर गॉन, उणे ०.९८८०३ आलं तर रेडियन. शिफ्ट-मोड-३ ने डिग्रीवर आणा. एक्सेलला मात्र साइनमध्ये रेडियनच लागतात, तिथे हा नियम लावू नका.

दशांश किती ठेवायचे? ०.०१° म्हणजे ३६″, शंभर मीटरवर १७ मिलिमीटर. बांधावरून भांडण पेटायला तेवढं पुरतं. म्हणून कोनाला चार दशांश ठेवा, अक्षांश-रेखांशाला सहा. आणि गोल आकडा करायचा तो शेवटच्या पायरीला, मध्ये केलात तर चूक पुढच्या पायऱ्यांत जाते.