राजारामपुरीतला जपानी भाषेचा क्लास: तीन वर्षं जपानमध्ये काम केल्यावर लिहितेय

५ पैकी ४ स्टार. बरेच जण क्लास लावल्यावर महिन्याभरात रिव्ह्यू टाकतात, मॅडम छान शिकवतात, वातावरण छान आहे वगैरे, पण इथं शिकलेलं कामाला येतं का नाही ते तिकडं गेल्यावरच कळतं म्हणून मी एवढे दिवस काही लिहिलं नव्हतं. २०२३ च्या मे महिन्यात मी जपानला गेले, आयची प्रीफेक्चरमध्ये (म्हणजे तिकडचा एक प्रांत) म्हातार्‍या माणसांच्या केअर होममध्ये कामाला आहे, आता सुट्टीवर कोल्हापूरला आलीय. गल्लीतल्या दोन पोरी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून हाच क्लास लावायचा म्हणतायत, त्यांना तोंडानं जे सांगितलं तेच इथं लिहिते.

मी पण जीएनएमच. इथल्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं काढली, पगार ११ हजार, नाईट वेगळी नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं की जपानमध्ये केअरगिव्हर लागतात, तिथं दर १०० माणसांत २९ माणसं ६५ च्या वरची आहेत, आणि तोकुतेइ गिनो म्हणून २०१९ पासून एक व्हिसा आहे त्यावर आपल्याला जाता येतं. म्हटलं भाषा शिकायची तर आधी पुण्याला जाऊन राहावं लागणार, खर्च कुठनं आणायचा, पण मग हा क्लास सापडला.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मॅडम मराठीतनं शिकवतात. हे वाचायला साधं वाटेल पण फार मोठी गोष्ट आहे. आधी मी ऑनलाईन एक इंग्रजी कोर्स घेतला होता, त्यात प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत उलटं करायचं मग जपानीत परत उलटं करायचं, डोकं फिरायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, मोत्ते किते म्हणजे घेऊन ये. मोत्ते घेऊन, किते ये. ताबेते मिते म्हणजे खाऊन बघ, कात्ते ओकु म्हणजे घेऊन ठेवणे. शब्दाला शब्द तसाच! क्रियापद शेवटी, नो म्हणजे आपला चा-ची-चे, बाकीचे प्रत्यय पण आपल्या विभक्तीसारखे शब्दाच्या मागं चिकटतात. इंग्रजी मिडियमवाल्यांना जे महिनोन्‌महिने कळत नाही ते आम्हाला आठवड्यात कळलं. हिरागाना म्हणजे जपानी अक्षरांचा तक्ता बघितला तर अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व, म्हणजे आपल्या वर्णमालेचीच सावली. मॅडम म्हणाल्या की संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणार्‍या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातनं हा क्रम तिकडं रुजला, माझ्या अंगावर काटा आला होता तेव्हा. उच्चाराचं पण तसंच, त्सु म्हणायला जगभरातली पोरं अडखळतात, आपल्याला चूल म्हणता येते ना, मग त्सु येतोच.

दुसरं, मॅडम काम करताना बोलायची जपानी शिकवतात, नुसती परीक्षेची नाही. केअरगिव्हरच्या बॅचला शनिवारी प्रॅक्टिकल असायचं. एकीनं खुर्चीत बसायचं, उजवी बाजू लुळी आहे असं धरायचं, दुसरीनं तिला स्वेटर घालायचा. काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा हात आधी, तिकडं याला दाक्केन चाक्कान म्हणतात. नर्सिंगला हे मी शिकलेच होते, पण हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी तोंडानं सांगायचं, आता मी तुमचा उजवा हात धरते हं, आता बाही वर घेते हं, ही सवय आम्हाला हॉस्पिटलात कुणी लावली नव्हती. मॅडम मागं उभ्या राहायच्या आणि न बोलता हात लावला की परत पहिल्यापासून करायला लावायच्या, एकदा मी एकच बाही सात वेळा घातली. तेव्हा राग यायचा. तिकडं पहिल्या आठवड्यात आमच्या लीडरनं मला एका आजोबांचे कपडे बदलताना बघितलं आणि नंतर विचारलं, हे कुठं शिकलीस? मी सांगितलं, माझ्या गावात.

आजोबा आपण इथं म्हणतो, तिकडं म्हणायचं नाही. ओबाऽसान म्हणजे आजी असं पुस्तकात असतं पण केअर होममध्ये प्रत्येकाला आडनाव आणि सान लावूनच हाक मारायची, तो त्यांचा मान आहे. आपल्याकडं प्रेमानं आज्जी म्हटलं की माणूस जवळ येतं, तिथं तसं केलं तर घरचे लोक नाराज होऊ शकतात. हे पण मॅडमनी आधीच सांगितलेलं.

आता एक स्टार का कापला.

पहिलं कारण, बोलीभाषा. क्लासमध्ये शुद्ध तोक्योची जपानी, आणि केअर होममधली माणसं ८५-९० वर्षांची, ती का म्हणून पुस्तकातलं बोलतील, आपल्या कागलच्या म्हातारीला पुण्याची मराठी बोल म्हणल्यासारखं आहे ते. माझ्या तिसर्‍या महिन्यात आंघोळीचा दिवस होता, एक ८९ वर्षांच्या बाई व्हीलचेअरवर बसल्या होत्या, मी बीपी घेत होते, त्या हळू आवाजात म्हणाल्या, एराइ, एराइ. क्लासमध्ये एराइ म्हणजे थोर, शाबास असं शिकवलेलं, मला वाटलं माझं कौतुक करतायत, मी हसून आरिगातो गोझाइमास म्हटलं आणि टॉवेल घ्यायला वळले. शेजारची जपानी ताई धावत आली, बाईंच्या कपाळाला हात लावला, ताप बघितला तर ३८.२. त्या भागात एराइ म्हणजे अंगात त्राण नाही, त्रास होतोय. त्या दिवशी आंघोळ रद्द झाली, नर्सला बोलावलं, बाई चार दिवसांनी बर्‍या झाल्या, पण रात्री रूमवर मला झोप आली नाही. आपलं माणूस त्रास होतोय म्हणून सांगतंय आणि आपण थँक्यू म्हणतोय. मॅडमना मी हे आता भेटून सांगितलं, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि जाणार्‍या प्रत्येक मुलीच्या भागातले दुखण्याखुपण्याचे शब्द आधी काढून देऊ म्हणाल्या. ओसाकाकडं जाणार असाल तर शिंदोइ शब्द पाठ करून जा, तोच अर्थ.

दुसरं कारण पैशांचं, आणि हे जास्त महत्त्वाचं. क्लासमध्ये पगार सांगतात तो कटिंगच्या आधीचा. माझं बेसिक १ लाख ७५ हजार येन, इकडं लोक पटकन त्याचे रुपये करून बोटं मोजतात. त्यातनं पेन्शन ९.१५ टक्के, हेल्थ इन्शुरन्स साधारण ५ टक्के, बेरोजगारी विमा, इन्कम टॅक्स, रूमचं भाडं, लाईट, गॅस. हातात येतं त्याला तेदोरी म्हणतात, मुलाखतीत हा एकच शब्द विचारा, तेदोरी किती. आणि जूमिनझेइ म्हणजे रहिवासी कर, तो आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, त्यामुळं पहिलं वर्ष काही कापत नाहीत आणि पुढच्या वर्षी जूनपासून सुरू होतो. मला हे माहीतच नव्हतं, पहिल्या वर्षीच्या हिशोबानं घरी पैसे पाठवायचा आकडा ठरवला होता, २०२४ च्या जूनमध्ये पगाराची स्लिप बघून पोटात गोळा आला, घरचा हप्ता दोन महिने कमी पाठवावा लागला. एक तास घेऊन फळ्यावर एक खरी सॅलरी स्लिप सोडवून दाखवली असती तरी चाललं असतं.

तिसरं, कन्सल्टन्सी. क्लास स्वतः पाठवत नाही, बाहेरच्या शहरातल्या लोकांकडं नाव देतो. त्यातल्या एकानं माझ्याकडनं दीड लाख डिपॉझिट मागितलं, तीन वर्षं पूर्ण केली की परत देऊ म्हणून. पप्पा उसाच्या बिलातनं द्यायला तयार झाले होते, कारखान्याचा पहिला हप्ता तसाच ठेवला होता त्यांनी. नशीब, तिकडं गेलेल्या एका सीनियरला मी फोन केला, तिनं सांगितलं की या व्हिसावर कामगाराकडनं असं डिपॉझिट घ्यायलाच जपानमध्ये बंदी आहे. आपल्याकडं पण परवानाधारक एजंटला सर्व्हिस चार्ज ३० हजार अधिक जीएसटी एवढाच घेता येतो, आणि परवाना आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर दिसतं. मी दुसर्‍या एजंटकडनं गेले. मॅडमचा यात एक रुपयाचा पण हात नाही हे मी छातीठोकपणे सांगते, पण नाव देताना हे चार नियम कागदावर छापून द्यायला पाहिजेत, कारण आपल्याकडं आईबाप शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवतात. करार जपानीत आला तर घाईत सही करू नका, तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून सांगणं हा तिकडचा नियमच आहे.

परीक्षेचं थोडक्यात. एन४ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी, सगळ्यात खालची एन५) जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, मी पुण्यात दिली, आदल्या रात्री एसटीनं गेलो आम्ही पाच जणी. केअरगिव्हरला त्याशिवाय स्किल टेस्ट, मी दिली तेव्हा ४५ प्रश्न होते, आणि कामाच्या जपानीची वेगळी, १५ प्रश्नांची. पहिल्या फटक्यात निघतात, पण रोज दोन तास बसलात तरच. ज्यांना पुढं तिकडंच राहायचंय त्यांनी लक्षात ठेवा, हा व्हिसा ५ वर्षांचा आणि त्यात नवरा-मुलांना नेता येत नाही. ३ वर्षं काम आणि ठरलेलं ट्रेनिंग झालं की काइगो फुकुशिशीची (म्हणजे सर्टिफाइड केअर वर्करची) सरकारी परीक्षा देता येते, ती पास झाली तर काइगोचा व्हिसा मिळतो, त्याला वर्षांची मर्यादा नाही आणि घरच्यांना पण नेता येतं. मी येत्या जानेवारीत बसतेय. त्यातली कांजी म्हणजे चिनी अक्षरं वाचायला अजून पण मॅडमचीच जुनी वही काढते, लाल पेनानं बाणबिण काढलेली.

फी माझ्या वेळी एन५ ला १५ आणि एन४ ला १८ हजार होती, तीन हप्त्यांत घेतली, एक हप्ता चुकला तर मॅडमनी वर्गात कुणासमोर विषय काढला नाही. सकाळी ७ ची बॅच घ्या, संध्याकाळच्या बॅचला खालच्या रस्त्यावर एवढी गर्दी नि हॉर्न असतात की लिसनिंगची ऑडिओ धड ऐकू येत नाही. जिना अंधारा आहे, गाडी गल्लीच्या तोंडाला लावा, आणि शनिवारच्या प्रॅक्टिकलला घरनं एक जुना पूर्ण बाह्यांचा स्वेटर घेऊन जा.