थाळनेर वन-डे ट्रीप: भरीत एक नंबर, गाईड लढाईतच अडकला

मागच्या रविवारी धुळ्याहून तापीकाठच्या थाळनेर गावाची एक दिवसाची ट्रीप केली, माणशी ८०० रुपये, जेवण धरून. गाडी पाऊण तास लेट अन् एसी बंद, पण थंडीचे दिवस म्हणून चालून गेलं.

खानदेशच्या जुन्या सुलतानांचे, म्हणजे फारुकींचे मकबरे निवांत दाखवले, घाई नाही केली. किल्ल्याचं आता फार काही उरलेलं नाही, त्यामुळे तिथं सगळी मदार गाईडच्या तोंडावर. पोरगं बोलतं भारी. २७ फेब्रुवारी १८१८, किल्ल्यावर चालून आलेली इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज, दरवाज्यातली झटापट, किल्लेदार तुळशीरामला फाशी, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, बरं मग गावातल्या माणसांचं काय झालं? तर म्हणे, ते आपल्या टूरमध्ये नाही सर.

अरे खरी गोष्ट तर तीच आहे ना भाऊ! १८०२ ला होळकरांच्या फौजेनं खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, जे वाचले ते गाव सोडून गेले. इंग्रजांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन, त्यानं १८१९ च्या रिपोर्टात लिहून ठेवलंय की तापीच्या उत्तरेचा एके काळचा भरलेला मुलूख आता जवळपास ओसाड रान झालाय, आणि रान म्हणजे वाघाचं, मधेमधे पडक्या गावांच्या खुणा. थाळनेर तापीच्या उत्तरेलाच की! मग खानदेशातला इंग्रज अधिकारी ब्रिग्ज, त्यानं व्यापारी, कारागीर बोलावून, घरांना जागा देऊन आपलं धुळं वाढवलं. म्हणजे 'आम्ही मूळचे इथलेच' म्हणणाऱ्यांत नंतर आलेले किती असतील बघा, त्यात मीपण आलो.

जेवणाला मात्र पैकीच्या पैकी. मावशींनी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भरताची वांगी भाजली, अंगणातच बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचली, मिरची-लसूण त्यातच, वरून कांद्याची पात, धुराचा वास बोटांना घरी येईपर्यंत होता. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. मी तीन खाल्ल्या, बायको चार म्हणते.

शेजारच्या ओट्यावर एक आजोबा बसलेले, त्यांना तोच प्रश्न टाकला. हसले अन् म्हणे, "भाऊ, आठे मूळना कोन से?" (इथं मूळचं कोण आहे?) मग अर्धा तास कोणती गल्ली कुठून आली ते सांगत बसले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय तरी.

साडेतीन स्टार. ट्रीपवाल्यांनो, पुढच्या वेळी किल्ल्यावरचा अर्धा तास कापा अन् लोकांना त्या ओट्यावर बसवा, तसंही वर सावली नाही.